आकाशातून पडलेला दगड: पहिल्या तीन दिवसांसाठी लेखी नियम हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रात्री आकाशात मोठा प्रकाशगोळा दिसला, पाठोपाठ गडगडाट ऐकू आला, की दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी गावातून ‘दगड पडला’ अशी बातमी येते. गर्दी जमते, दगड फोडला जातो, एखादा तुकडा खिशात जातो, एखाद्यावर हळदकुंकू पडते आणि उरलेला पोलीस ठाण्यात लाखेचे सील लागून पडून राहतो. यात गावकऱ्यांचा दोष नाही. गायरानावर, रस्त्याच्या कडेला किंवा वनजमिनीवर अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला उल्कापाषाण, सापडली तर ती कुणाची, कुणी उचलायची, कुणाच्या हवाली करायची आणि पावती कोण देणार, हे सांगणारा एक कागदही ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या फलकावर नसतो. राज्याच्या महसूल विभागाने तो कागद काढावा, यासाठी हे पत्र.

आधी मालकीचे पाहू. भारतात पडलेल्या आणि सापडलेल्या अशनींचा अधिकृत राखणदार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही केंद्राची संस्था आहे. देशाचा मुख्य अशनीसंग्रह तिच्याकडे कोलकात्यात आहे आणि आपल्याला जवळचे तिचे विभागीय मुख्यालय नागपूरला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीवर किंवा जमिनीखाली कुठेही असलेल्या खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे राखलेला आहे. जमीन वनखात्याची असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. त्यात ‘वनोपज’ या व्याख्येत लाकूड-मधाबरोबर दगड, माती आणि खनिजेही येतात, त्यामुळे राखीव जंगलातून परवानगीशिवाय दगड उचलणे हाच गुन्हा, मग तो आकाशातून आलेला असो की डोंगरातला. गौताळा, नायगाव, येडशी-रामलिंग किंवा पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत त्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. पण ‘अशनी’ हा शब्द घेऊन तिची नोंद, हस्तांतर आणि मोबदला ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. भूवारसा स्थळे आणि भूअवशेषांच्या जतनाचा केंद्राचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. त्यात भूअवशेषांच्या व्याख्येत खडक, खनिजे आणि जीवाश्मांबरोबर अशनींचाही उल्लेख होता. तो मसुदा पुढे कायद्यापर्यंत पोहोचलेला नाही. म्हणजे दगड सरकारचा, हे साधारण सगळ्यांना मान्य; पण तो सरकारपर्यंत पोहोचवायचा कसा, यावर सगळेच गप्प.

या विषयावर बोलताना अमेरिकेचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथल्या भूमी व्यवस्थापन खात्याने २०१२ मध्ये असा नियम केला की, त्यांच्या ताब्यातील सार्वजनिक जमिनीवर हौशी माणसाने वर्षाला १० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार किलो, अशनी स्वतःसाठी वेचाव्यात. त्या विकायच्या नाहीत, यंत्राने खोदायचे नाही, राष्ट्रीय उद्यानात हात लावायचा नाही. संशोधनासाठी आणि विक्रीसाठी वेगवेगळे परवाने घ्यायचे. नियम चांगला आहे, पण तो वाळवंटासाठी आहे. नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांच्या पांढुरक्या जमिनीवर हजारो वर्षांपूर्वी पडलेले दगड तसेच उघड्यावर टिकून राहतात. आपल्याकडे काळी माती, चार महिने पाऊस आणि दरवर्षीची नांगरट. अशनीतले लोह-निकेल पहिल्याच पावसाळ्यात गंजू लागते आणि दगड हळूहळू भुसभुशीत होऊन मातीत मिसळतो. शिवाय खाली सगळा काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला खडक, त्यात काळा दगड ओळखणार कोण? भारतातल्या नोंदलेल्या अशनी बहुतांश पडताना पाहिलेल्या आहेत, फिरता फिरता सापडलेल्या फार थोड्या. म्हणून ‘वर्षाला किती किलो वेचू द्यायचे’ हा आपला प्रश्न नव्हे. दगड पडल्यानंतरच्या पहिल्या ७२ तासांत कुणी काय करायचे, हा आहे.

एवढी घाई का, हे नीट सांगणे गरजेचे आहे, कारण कार्यालयांत याबद्दल मोठा गैरसमज आहे. दगड करोडो वर्षे जुना, मग दोन महिने उशिराने काय बिघडते, असे विचारले जाते. बिघडते ते असे. अवकाशात असताना विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातल्या वेगवान कणांच्या, माऱ्यामुळे अशनीत अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिके, म्हणजे काही काळात आपोआप नष्ट होणारे अणू, तयार होतात. सोडियम-२४ चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) १५ तास, मँगनीज-५२ चे साडेपाच दिवसांच्या आसपास, व्हॅनेडियम-४८ चे १६ दिवस, बेरिलियम-७ चे ५३ दिवस. दगड जमिनीवर आला की ती बनणे थांबते आणि घड्याळ उलटे सुरू होते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ही मोजण्याची सोय आहे. त्यावरून मूळ दगड अवकाशात किती मोठा होता, नुकत्याच काळात विश्वकिरणांचा मारा किती होता, हे कळते. दगड तीन महिने पोलिसांच्या मालखान्यात राहिला तर व्हॅनेडियम-४८ ची सहा अर्धायुष्ये उलटतात आणि मूळच्या जेमतेम चौसष्टावा हिस्सा उरतो. सोडियम-२४ तर आठवड्याभरातच मोजण्यापलीकडे जाते. (हा किरणोत्सार अतिशय क्षीण असतो, माणसाला त्याचा काहीही धोका नाही. अफवा पसरते म्हणून हे स्पष्ट लिहिलेले बरे.)

दुसरे नुकसान पाण्याने होते. राजस्थानात मुकुंदपुरा येथे ६ जून २०१७ ला पडलेली अशनी कार्बनयुक्त आणि ठिसूळ जातीची होती. गुजरातेत दियोदरला १७ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, पडलेली ‘ऑब्राइट’ या दुर्मीळ गटातली. अशा दगडांतली काही खनिजे ओलाव्याने बदलतात किंवा विरघळूनच जातात. दगड ‘स्वच्छ’ करायला नळाखाली धरला, तर ज्यासाठी तो जपायचा तेच वाहून गेले.

आता दगड ओळखायचा कसा. मराठवाड्यात फसवणारे दगड चार प्रकारचे, आणि ते ओळखता आले तर दहातली नऊ धावपळ वाचते. पहिला आपला बेसाल्टच. ‘चुंबक चिकटले म्हणजे उल्का’ ही खूण इथे चालत नाही, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते आणि त्यालाही चुंबक हलके ओढले जाते. अंगावर बुडबुड्यांची गोल छिद्रे असतील, किंवा त्या छिद्रांत पांढरे-हिरवट खनिज भरलेले असेल, तर तो लाव्हाच. अशनीत अशी छिद्रे जवळपास नसतातच. दुसरा प्रकार भट्टीची मळी, म्हणजे भट्टीत वितळून थिजलेला टाकाऊ भाग (उसाची मळी नव्हे). जालन्याच्या पोलाद कारखान्यांची आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरची मळी भरावाच्या मुरमात मिसळून रस्तोरस्ती पोचली आहे. ती काळी, जड, वितळल्यासारखी दिसते, पण फोडल्यावर आत काचेसारखी चमक आणि फेसाळ पोकळ्या असतात. तिसरा, लोखंडी तोफगोळा. दौलताबाद, परांडा, नळदुर्ग, उदगीर, कंधार या किल्ल्यांच्या पंचक्रोशीत शेतात गंजलेला गोळा निघाला तर तो अशनी नसण्याचीच शक्यता अधिक. मात्र शंभर वर्षांहून जुना असल्यास तो पुरावस्तू ठरतो आणि त्याची खबर पुरातत्त्व खात्याला द्यायची असते. चौथा, ‘लोणारचा उल्कादगड’ म्हणून विकला जाणारा कोणताही दगड. लोणार आमच्या हद्दीला लागून, म्हणून हे सांगावेच लागते: १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर करणारा मूळ दगड आघाताच्या उष्णतेत वितळून, वाफ होऊन गेला. त्याचा तुकडा म्हणून हातात देता येईल असे तिथे आजवर काही सापडलेले नाही. तिथे मिळते ती आघाताने बनलेली काच आणि भाजलेला बेसाल्ट, आणि अभयारण्यातून तो उचलण्यासही बंदीच आहे.

खऱ्या ताज्या अशनीची खूण तिची साल. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून त्याचा एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा काळा थर बनतो; बहुधा चमक नसलेला, कोळशासारखा, कधी त्यावर बारीक तडे. कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे अंगावर असू शकतात. कोपरे गोलसर असतात. एखादी कड तुटलेली असेल तर आतला दगड बाहेरच्यापेक्षा बराच फिका, सिमेंटसारखा राखाडी दिसतो आणि उन्हात तिरका धरल्यावर त्यात धातूचे बारीक कण चमकतात. काळी साल आणि फिके अंतरंग ही जोडी बेसाल्टमध्ये दिसत नाही, तो आतही काळाच असतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेले तुकडे याच सामान्य अश्म-अशनींच्या कुळातले.

वजनाचीही खूण आहे. बेसाल्टची घनता २.८ ते ३.० ग्रॅम प्रति मिलिलीटर, सामान्य अश्म-अशनीची ३.३ ते ३.७, लोह-अशनीची ७ च्या पुढे. दगड पाण्यात न बुडवता ती घरी काढता येते. दगड अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावा. पुरेशा मोठ्या ग्लासात कोरडी मोहरी काठोकाठ भरून, ग्लास चार वेळा ओट्यावर हलका आपटून, वरून पट्टीने सपाट करावी आणि मोहरी परातीत ओतून घ्यावी. मग ग्लासात थोडी मोहरी, त्यावर दगड, पुन्हा मोहरी, आणि तितकेच आपटून सपाट. परातीत उरलेली मोहरी मापाच्या नळीने किंवा मोठ्या सिरिंजने मोजली की तेच दगडाचे आकारमान. ३५० ग्रॅमच्या दगडाने १०० मिलिलीटर मोहरी बाहेर ठेवली तर घनता ३.५. दोन्ही वेळा ग्लास सारखाच आपटला नाही तर उत्तर चुकते, म्हणून तीनदा करून सरासरी घ्यावी. मात्र काळी साल स्पष्ट दिसत असेल तर यातले काहीही करू नये, सरळ कळवावे.

आणि चुंबक लावूच नये. जुन्या स्पीकरमधले किंवा हार्ड डिस्कमधले चुंबक लावून व्हिडिओ काढण्याची पद्धत पडली आहे. अशा ताकदवान चुंबकाच्या एका स्पर्शाने दगडात करोडो वर्षांपासून टिकलेली चुंबकीय नोंद पुसली जाते आणि ती परत मिळत नाही. संशयित दगडासाठी दोऱ्याला टांगलेले साधे चुंबक दुरूनच हलते का, एवढे पाहिले तरी पुरते.

पडलेली अशनी कुठे शोधायची, याबद्दलही एक चुकीची समजूत आहे. ‘त्या टेकडीमागे पडली’ असे सगळे सांगतात, पण प्रकाशगोळा साधारण १५ ते २५ किलोमीटर उंचीवरच विझतो. त्यानंतरचा प्रवास अंधारात आणि वाऱ्याबरोबर होतो, त्यामुळे टेकडीमागे वाटलेला दगड शंभर किलोमीटरवर, दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतो. जमिनीवर येताना छोटा दगड गरम नसतो, त्याने कडबा पेटत नाही. मऊ काळ्या रानात अर्ध्या किलोचा दगड वीतभर खड्डा करून बसतो, मोठे विवर होत नाही. दिसणारा प्रकाश काही सेकंदांत संपला तर उल्का. अनेक तुकडे ओळीने, संथ, मिनिटभर सरकत गेले तर बहुधा अग्निबाणाचा अवशेष. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलेली प्रकाशरांग अशीच होती. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे कडे आणि गोळे सापडले. अशा वस्तू आंतरराष्ट्रीय करारानुसार त्या सोडणाऱ्या देशाच्या मालकीच्या राहतात आणि टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, म्हणून त्यांना हातही लावू नये.

गायरानावर अशनी सापडली तर उचलण्याआधी फोटो: एक दुरून, एक खड्ड्यासह, एक अगदी जवळून, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून (त्याचा व्यास २७ मिलिमीटर). मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहावेत, म्हणजे जागा साधारण मीटरभराच्या अचूकतेने पक्की होते. चारच लिहिले तर अकरा मीटरचा गोंधळ. खड्ड्याची खोली, तो कोणत्या दिशेला कलला आहे, पडल्याची वेळ, आवाज किती सेकंदांनी आला, गट क्रमांक. मग प्लास्टिकची नवी पिशवी हातात उलटी घालून दगड धरावा, फॉइलमध्ये गुंडाळावा आणि झिपच्या पिशवीत ठेवून हवा दाबून काढावी. वर्तमानपत्र, कापूस, रुमाल नको. शाई आणि धागे चिकटतात. तेल, शेंदूर, नारळाचे पाणी यांपासून दूर ठेवावा. श्रद्धेने कुणी पूजा करू पाहत असेल तर त्याला अडवून भांडण करण्यात अर्थ नाही. पिशवीतल्या बंद दगडापुढे फूल वाहता येते, हे शांतपणे सांगितले की लोक ऐकतात. खड्ड्यातली मूठ-दोन मुठी माती वेगळ्या पिशवीत घ्यावी. दगड फोडून वाटून घेणे हे सर्वांत वाईट, कारण एकाच दगडाचे सगळे तुकडे एकत्र असले तरच वजन आणि आकार जुळवता येतात. शेत खासगी असेल तर मालकाच्या संमतीशिवाय आत पाऊल टाकू नये, पीक उभे असताना तर नाहीच.

खबर ग्राम महसूल अधिकाऱ्याला किंवा पोलीस पाटलांना द्यावी, आणि त्याच दिवशी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर. अडचण इथूनच सुरू होते. दगड पोलिसांकडे गेला की त्याची ‘मुद्देमाल’ म्हणून नोंद होते, कापडात शिवून लाख वितळवून सील लागते आणि तो हलवायला मग वरिष्ठांची परवानगी लागते. गुन्हा नाही, तक्रारदार नाही, तरी दगड अडकतो.

महसूल विभागाकडे आमची मागणी म्हणून नेमकी आहे. अशनीसाठी तालुक्यात तहसीलदार हा एकच जबाबदार अधिकारी असावा. पंचनाम्याचा एकच छापील नमुना असावा आणि त्यात वर लिहिलेले रकाने असावेत. दगड मुद्देमालात न घेता थेट तहसीलच्या कोषागारात, हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा आणि २४ तासांत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला फोटो व वजनासह ईमेल जावा. सापडवणाऱ्याला वजन, फोटो आणि नाव असलेली पावती जागच्या जागी मिळावी. पावतीविना हस्तांतर, हेच लोक दगड लपवण्याचे मुख्य कारण आहे. लपवलेला दगड मग ‘राईस पुलर’ (तांदूळ ओढणारी म्हणून खपवली जाणारी ‘चमत्कारी’ वस्तू) आणि ‘इरिडियम’च्या नावाने गंडवणाऱ्या टोळ्यांच्या हाती लागतो, कोट्यवधींचे आमिष दाखवून तपासणी शुल्काच्या नावाखाली शेतकऱ्याचीच लूट होते. गायरानावर वरवर पडलेला दगड हाताने उचलून सात दिवसांत जमा करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे नियमात लिहावे. जेसीबी किंवा फावडे चालवून खोदणाऱ्यावर होईल, हेही त्यात स्पष्ट लिहावे.

मोबदला ठरवावा. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या नैसर्गिक वस्तू, त्यात अशनीही, राष्ट्राच्या मालकीच्या ठरतात, पण देणाऱ्याला सरकार मोबदला देते. आपल्याकडे एक ठरावीक रक्कम आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे प्रमाणपत्र एवढे जरी केले तरी दगड आपोआप समोर येतील. दगडाला नाव जवळच्या गावाचे मिळते. जागतिक यादीत नोंद होण्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांपैकी कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा असावा लागतो. १८६६ ची जामखेडची नोंद आजही जगभरच्या सूचीत त्याच नावाने आहे. हे ग्रामसभेत सांगितले तर दगड विकण्यापेक्षा नोंदवण्याकडे गावाचा कल होईल. त्याची हुबेहूब प्रतिकृती गावच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवण्याची अट घालायलाही खर्च फारसा नाही.

एक बाब उरते, ती नुकसानभरपाईची. पत्र्याचे छप्पर फोडून दगड घरात आला तर मदत कुठून मिळणार? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, गारपीट, दरड, ढगफुटी, कीडरोग, थंडीची लाट वगैरे १२ आपत्ती आहेत, अशनीपात नाही. पण त्याच निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम राज्याने स्वतः जाहीर केलेल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते. त्या राज्य यादीत ‘अशनीपात आणि अवकाशातील अवशेष पडणे’ हे शब्द घालण्यासाठी वेगळा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. त्यामुळे पंचनाम्याच्या नमुन्यात दगडाच्या वजनाखालीच छप्पर, जनावर आणि पीक यांच्या नुकसानीचाही रकाना ठेवावा, म्हणजे दगड नागपूरला रवाना होण्याआधी त्या घराचा प्रस्तावही जिल्ह्याला गेलेला असेल.

आपले,
भूविज्ञान व खगोल अभ्यासक, परभणी